सिस्टरचा दवाखाना: नव्या मोठ्या सिस्टर आल्यावर

पऱ्हाटी वेचता वेचता आईच्या पायात काटा गेला अन् पायच सुजला, म्हणून परवा मिशनच्या दवाखान्यात नेलं, आमच्या यवतमाळकडं त्याले सगळे सिस्टरचा दवाखानाच म्हणतात. जुन्या मोठ्या सिस्टरची, म्हणजे तिथल्या नन लोकांच्या प्रमुखाची, मुदत संपली, नवीन आल्या. यांच्यात बरं असते बाप्पा, खुर्ची जन्मभराची नाही, 2022 मध्ये मदर तेरेसांच्या संस्थेतही सिस्टर प्रेमांच्या जागी सिस्टर जोसेफ प्रमुख म्हणून निवडून आल्याच की. बायांनी नव्या सिस्टरले ओवाळलं, शेवंतीचा हार घातला, तर त्यांनी तो काढून मेरीमातेपुढं ठेवला अन् सरळ ड्रेसिंगच्या खोलीत! आईचा पाय स्वतः मांडीवर घेऊन पू काढला, मराठी अजून मोडकीतोडकी, "दुखते का आजी" विचारत होत्या, आई चक्क हसली.

तक्रार एकच, चिठ्ठीची लाईन तशीच, आठला गेलो तर साडेअकराला नंबर अन् बसायला एकच बाक. सांगितलं तर वहीत लिहून घेतलं त्यांनी, आधी कोणी लिहिलं नव्हतं. सिकलसेलची, त्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही इथंच सुरू झाली तर लय बरं होईल. सध्या चार स्टार, पाचवा स्टार बाक आल्यावर.