दोन दिवसांत बदामी की हंपी?

महाराष्ट्रातून उत्तर कर्नाटकातील प्राचीन अवशेष पाहायला निघताना हाताशी दोनच दिवस असतील, तर बदामी आणि हंपी यांपैकी एकाचीच निवड करावी. दोन्हींमधले अंतर सुमारे दीडशे किलोमीटर असल्याने दोन्हींचा हट्ट धरल्यास बराच वेळ गाडीतच जातो.

हंपी हे विजयनगर साम्राज्याच्या उद्ध्वस्त राजधानीचे नगर आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर ओस पडलेले विजयनगर तुंगभद्रेकाठच्या शिळांमध्ये इतके विखुरलेले आहे की विरूपाक्ष मंदिर, विठ्ठल मंदिर, कमलमहाल, हत्तीशाळा आणि १५२८ सालची उग्र नरसिंहाची मूर्ती एवढे पाहतानाच दोन दिवस संपतात आणि मातंग टेकडी राहून जाते. विठ्ठल मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगराहून विठ्ठलमूर्ती पंढरपुरास परत आणली, ही परंपरा ठाऊक असणारा मराठी माणूस तिथे जरा अधिक वेळ थांबतो.

चालुक्यांची जुनी राजधानी असलेल्या बदामीचा आवाका लहान आहे, पण तेथे मंदिर ही वास्तू घडत कशी गेली ते क्रमाने दिसते. बदामीच्या चार लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे. जवळच्या ऐहोळ्याच्या मेगुती मंदिरावरील ६३४ च्या प्रशस्तीत, म्हणजे राजस्तुतीच्या शिलालेखात, कवी रविकीर्तीने चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा सम्राट हर्षावरील विजय आणि त्याच्या सत्तेखालील तीन महाराष्ट्रक प्रदेशांची नव्व्याण्णव हजार गावे नोंदवली आहेत. पट्टदकलला नागर (उत्तरेकडील) आणि द्राविड (दक्षिणेकडील) शैलींची मंदिरे शेजारी-शेजारी उभी आहेत, आणि पल्लव राजांवरील पतीच्या विजयाप्रीत्यर्थ चालुक्य राणी लोकमहादेवीने बांधवलेले तेथील विरूपाक्ष मंदिर पाहिल्यावर वेरूळच्या कैलासाचे पूर्वरूपच समोर आल्यासारखे वाटते. बदामीपासून पट्टदकल सुमारे बावीस किलोमीटर आणि ऐहोळे त्याच्या थोडे पुढे, त्यामुळे ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात निवांत होतात. शिवाय बनशंकरी देवीचे मंदिर जवळच असल्याने, ती ज्यांची कुलदेवता आहे त्यांना तिचे दर्शनही घडते. मंदिराच्या आवारात बायका विकतात ती ज्वारीची भाकरी मात्र चुकवू नये.

सोबत वयस्क मंडळी असतील तर पट्टदकलचे सपाट आवार सोयीचे आहे, लेण्यांच्या पायऱ्या मात्र दमवतात. हंपीत उन्हाळ्यात शिळा इतक्या तापतात की दुपारचे काही तास वाया गेलेच म्हणून समजावे. दोन दिवसांसाठी माझे मत बदामीला आहे. हंपीला तीन मुक्काम मिळतील तेव्हाच जावे.