आधी रोजनिशी की आधी डिरेक्टरी? बडोद्यातल्या आपल्या गल्लीचा इतिहास शोधताना

दिवाळीच्या सुट्टीत भाचीचा फोन आला. "मामा, वाडा विकायचं ठरतंय. त्याआधी आपल्या गल्लीचा इतिहास लिहून ठेवायचाय. ट्रंकेतल्या पणजोबांच्या डायऱ्या वाचायला घेऊ, की जुन्या डिरेक्टऱ्या शोधू? माझ्याकडे रविवारच आहेत, तेही संक्रांतीपर्यंतचे."

मी म्हटलं, डायऱ्या घरातच आहेत, त्या कुठे जात नाहीत. पहिले दोन रविवार डिरेक्टरीला दे. तिला हे पटलं नाही. घरच्या माणसाचं अक्षर समोर असताना छापील याद्या चाळायच्या म्हणजे पंगत सोडून आचाऱ्याची यादी वाचण्यासारखं, असं तिचं म्हणणं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, सलाटवाडा इथल्या अनेक मराठी घरांत सध्या हाच प्रश्न पडलेला असणार.

डिरेक्टरी म्हणजे नक्की काय मिळणार

आधी एक गैरसमज दूर करतो. परदेशातल्या हौशी संशोधकांचे सल्ले वाचले की वाटतं, शहराची डिरेक्टरी म्हणजे रस्त्यावरच्या घरांची ओळीने यादी: कोणत्या घरात कोण राहतो, काय करतो. कलकत्त्यासाठी तसं काम झालेलं आहे. बडोद्याचं तसं नाही. आपल्या हाती येतात ते प्रामुख्याने थॅकरच्या जाडजूड खंडांतले मुफस्सल, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या गावांचे, विभाग. 'थॅकर्स इंडियन डिरेक्टरी' १८८५ पासून निघाली. त्याआधी १८६४ पासून ती बंगालपुरती होती. गावांची नावं अकारविल्हे, त्यात बडोदा. तिथे गावाची दोन ओळींत ओळख, मग रेसिडेन्सीचे (इंग्रज वकिलातीचे) साहेब, दिवाण, खात्यांचे प्रमुख, कॉलेज, रेल्वे, काही दुकानं आणि कंपन्या. पोळीत, म्हणजे आपल्या बंद गल्लीत, राहणारा कासार किंवा सरकारवाड्यातला हुजऱ्या तिथे शोधू नका.

मग आधी तीच का? कारण डायरी लिहिणाऱ्याला जे ठाऊक असतं, ते तो लिहीत नाही. "साहेबांकडे गेलो, काम झाले नाही." कोणते साहेब? "सुभ्यांच्या कचेरीतून येताना उशीर." कोणती कचेरी, कुठे होती? पणजोबांना हे सगळं पाठ होतं. आपल्याला नाही. कोण कोणत्या पदावर होता याचा सांगाडा डिरेक्टरी देते, आणि तो हाताशी असल्याशिवाय डायरीची पहिली चाळीस पानं म्हणजे अनोळखी लग्नात जेवायला बसल्यासारखं होतं.

बडोदा संस्थानातल्या पदांची नावंही इंग्रज मुलखापेक्षा वेगळी. तालुक्याचा अधिकारी वहिवाटदार, प्रांताचा सुभा, त्यांच्यावर सरसुभा. हायकोर्ट म्हणजे वरिष्ठ कोर्ट. राजवाड्याचा कारभार खानगी खात्यात. छापील यादीत ही पदं रोमन लिपीत दिसतात, डायरीत मोडीत किंवा बाळबोधात (म्हणजे देवनागरीत), आणि दोन्ही डोळ्यांसमोर ठेवली की कोडं सुटतं. याला आणखी एक जोड मिळते. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु', १९३१ सालचा. कचेरीच्या भाषेत अडलात की तो उघडा.

एकाच वर्षाची गोष्ट, दोन्हीकडून

आमच्या ट्रंकेतली एक डायरी १९१४ सालची आहे. म्हणजे तसं वरती छापलेलं आहे. कापडी पाठ, पानावर इंग्रजी तारीख, शेजारी शके, संवत, हिजरी आणि पारशी साल. सुरुवातीच्या पानांत टपालाचे दर आणि सुट्ट्या. आत पणजोबांचं बारीक मोडी अक्षर. मी तीन महिने ती १९१४ ची म्हणूनच वाचत होतो. मग मे महिन्यात "नवे दिवाण मनुभाई" असा उल्लेख आला.

इथे डिरेक्टरी कामाला आली. मनुभाई मेहता दिवाण झाले ते १९१६ मध्ये. त्यांच्याआधी व्ही. पी. माधवराव होते. मग ही नोंद १९१४ ची कशी? मी पहिल्या पानावर परत गेलो. छापील गुरुवारावर बारीक काट मारून पणजोबांनी "शनि" लिहिलं होतं. १ जानेवारी १९१४ गुरुवार, १ जानेवारी १९१६ शनिवार. वापराविना पडून राहिलेली कोरी डायरी त्यांनी दोन वर्षांनी काटकसरीत वापरली! पुढे पुरावाही सापडला: १९१६ लीप वर्ष, आणि १९१४ च्या डायरीला २९ फेब्रुवारीचं पानच नाही. त्या दिवसाचा मजकूर २८ च्या पानाच्या कडेला, आडवा, दातकोरणीने कोरल्यासारखा बसवलेला. तीन महिने मी ते पान उलटत होतो आणि कडेचा मजकूर जमाखर्च समजून सोडून देत होतो.

डिरेक्टरीने डायरीची चूक पकडली, तसं उलटंही होतं. रावपुऱ्यातल्या एका फोटोग्राफरचं दुकान छापील यादीत वर्षानुवर्षं तसंच आहे. डायरी सांगते, दुकान केव्हाच बंद झालं आणि मालक मुंबईला गेले. यादी छापणाऱ्यांकडे माहिती काही महिने आधी जमा होते, आणि कुणी कळवलं नाही तर जुनंच नाव पुढच्या वर्षी परत छापलं जातं. त्यामुळे १९१५ च्या खंडात १९१४ मधलं बडोदं दिसतं, तेही काही ठिकाणी त्याहून जुनं. कुणी नसल्याचा पुरावा म्हणून डिरेक्टरी कधी वापरू नका, आणि असल्याचा पुरावा म्हणूनही लागोपाठच्या दोन वर्षांचे खंड पाहूनच वापरा.

पंचांगाचा घोळ

बडोद्यात हा घोळ जास्त होतो, कारण आपण शकेवाले आणि शेजारचे चोपडेवाले संवतवाले. मराठी घराच्या डायरीत साल गुढीपाडव्याला बदलतं, गुजराती दुकानदाराच्या चोपड्यात दिवाळीनंतर. महिन्यांची नावं मात्र दोघांची जुळतात, म्हणून फसायला होतं. चैत्र ते आश्विन शकात १३४ मिळवले की गुजराती संवत मिळतं. कार्तिक ते फाल्गुन १३५. इसवी सन काढताना शकात ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. छप्पन्नचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, १८९९-१९००, हा एक खुंटा लक्षात ठेवला की बाकीचं हाताशी येतं. डिरेक्टरीत अर्थातच ही भानगड नाही. सगळं इंग्रजी सालात.

पैशांचंही तसंच. १९०० च्या आधीच्या नोंदीत रुपया बाबाशाही (बडोदा संस्थानचा) की कल्दार (इंग्रज सरकारचा) हे पाहिल्याशिवाय घरभाड्याची तुलना करू नका. एकाच पानावर दोन्ही असू शकतात.

मोडी

खरी अडचण इथे आहे. १९२० च्या आधीची घरगुती डायरी मोडीत असण्याची शक्यता मोठी. मोडी शिकायला सहा-आठ आठवडे लागतात असं वर्गात सांगतात, आणि कचेरीतली सुबक मोडी तेवढ्यात वाचताही येते. घरची डायरी मात्र घाईत लिहिलेली असते. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, डोक्यावरची रेघ आधी ओढून खाली अक्षरं लटकवलेली. 'सुत' म्हणजे मुलगा की 'सूत' म्हणजे धागा, यात घराण्यातलं अख्खं नातं अडकून बसतं. मला एका डायरीला सहा महिने लागले आणि अजून दहा टक्के जागा प्रश्नचिन्हांनी भरलेल्या आहेत.

डिरेक्टरीला मोडी लागत नाही, पण वेगळा ताप आहे. जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले सापडतात, पण शोधाच्या खिडकीत नाव टाकून फारसं हाती लागत नाही. बारीक टाइप, अरुंद स्तंभ, संगणकाचं वाचन अर्धवट. जोशी कधी वाय लावून, कधी आय लावून, कधी दोन ई लावून. शेवटी बडोद्याची पानंच काढून डोळ्यांनी वाचावी लागतात. ती फार नसतात, म्हणून दोन रविवार पुरतात. खंड हातात घेऊन पाहायचे असतील तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आधी चौकशी करा. जुन्या पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरशा पाहायला म्हणून तरी एकदा जाच.

कोण काय लपवतं

१८९१ च्या जनगणनेत बडोदा शहराची वस्ती १,१६,४२० होती, १९०१ मध्ये १,०३,७९०. मधल्या दहा वर्षांत दुष्काळ आणि प्लेग. डिरेक्टरीच्या पानांवर याचा मागमूसही नाही. खात्यांचे प्रमुख आहेत, दुकानं आहेत. डायरी असेल तर "उंदीर पडला" एवढंच दोन शब्दांत येतं, आणि पुढच्या पानापासून पत्ता बदलतो, घर शहराबाहेर झोपडीत हललेलं. माणूस घाबरून लिहीत नाही, सामान बांधून हलतो. वाचणाऱ्याने त्या दोन शब्दांपाशी थांबायचं असतं.

म्हणून डायरीतच सगळं खरं, असंही नाही. अनेकांना आशा असते की आजोबांच्या डायरीत अरविंदबाबू (अरविंद घोष) तरी भेटतील; १८९३ ते १९०६ ते इथेच होते. मी सप्टेंबर १९१७ ची पानं मुद्दाम पाहिली. त्याच महिन्यात बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले आणि तिथून हुसकावले गेले. पणजोबांनी त्या दिवसांत लिहिलंय: गहू महाग झाला, आत्याबाईंचा ताप उतरला. शहराच्या इतिहासातल्या त्या लाजिरवाण्या प्रकरणाबद्दल एक अक्षर नाही. डिरेक्टरीतही असणार नाही. ज्यांच्यासाठी गल्लीचे दरवाजे बंद होते, त्यांची नोंद ना वरच्या जातीतल्या कारकुनाच्या वहीत, ना इंग्रजी यादीत. तुमच्या गल्लीचा इतिहास लिहिताना ही पोकळी कागदावर मांडावी लागेल. तिच्यासाठी तिसरीकडे जावं लागेल: त्या वस्तीतल्या लोकांच्या आठवणी, पत्रं, नगरपालिकेची कागदपत्रं.

बायकांचंही तेच. डिरेक्टरीत त्या जवळजवळ नाहीतच. डायरीत आहेत, पण "घरात" किंवा "मंडळी" या शब्दांत.

पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत

डायरीवर माझा जीव का, ते एका नोंदीने सांगतो. जुलै १९२७ मध्ये गुजरातेत प्रचंड पाऊस झाला, बडोद्यात पूर आला. आजोबांच्या डायरीतलं पान ओलसर होऊन फुगलेलं आहे, शाई पसरलेली. "पाणी ओट्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. धान्य माळ्यावर. दूध आले नाही." ओटा अजून तसाच आहे. मी टेप घेऊन मोजलं: रस्त्यापासून तिसऱ्या पायरीची उंची एक फूट दहा इंच. रस्ता त्यानंतर दोनदा तरी वर आला असणार, म्हणजे खरं पाणी आणखी जास्त. कोणत्याही छापील यादीतून हे निघालं नसतं. वाडा विकला की पायरीही जाईल, म्हणून भाचीला म्हटलं, डायरी नंतर वाच, पायऱ्यांचे फोटो मात्र याच रविवारी काढ.

एक सूचना, स्वतःच्या तोंडात मारून घेतल्यासारखी. या पानांची नासाडी होऊ नये म्हणून मी दोन सुटी पानं एका दुकानात लॅमिनेशनला दिली. उष्णतेने शाई फिकट झाली आणि आता प्लॅस्टिक काढायचं तर कागद सोलून निघतो. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. दिवसाच्या उजेडात, सावलीत, मोबाइलने दोन-दोन फोटो, बस्स.

आणि एक भीड. डायरीत दुसऱ्यांच्या गोष्टी असतात: कुणाचं कर्ज, कुणाचं दत्तक, कुणाचं घरातून निघून जाणं. त्यांचे नातू अजून त्याच पोळीत राहतात. छापायच्या आधी मोठ्या आत्याला दाखवा. डिरेक्टरीत तशी काही भानगड नसते. तिथे आब राखलेलाच असतो.

मग कुणी काय निवडावं

घरात एकही जुनी वही नसेल तर प्रश्नच नाही: डिरेक्टरी, मग संस्थानचे वार्षिक राज्यकारभाराचे अहवाल, मग सिटी सर्व्हेचा उतारा. घराचा मालक कोण होता एवढंच हवं असेल तर थेट उताऱ्याकडे जा, डायरी उघडूही नका. डायरी आहे पण मोडी येत नाही आणि वेळ दोन महिन्यांचा, तर एकच वर्ष निवडा, पूर किंवा प्लेगचं, आणि तेवढंच जाणकाराकडून वाचून घ्या. सगळ्या डायऱ्या एकदम उघडणारी माणसं मी पाहिली आहेत. तिसऱ्या वर्षी ट्रंक परत बंद होते.

वेळ आहे, डायरी बाळबोधात आहे, आणि गल्लीतली माणसं कशी जगत होती हेच शोधायचं आहे, तर तुम्ही नशीबवान. तरी त्या वर्षाची डिरेक्टरीची पानं छापून शेजारी ठेवाच.

भाचीने शेवटी १९२७ घेतलं. काल तिने त्या पानाचा फोटो पाठवला. खाली कोपऱ्यात पेन्सिलने काहीतरी आहे, मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. तिला ते "होडी, ४ आणे" वाटतंय. मला "गोडी" वाटतंय. रविवारी भिंग घेऊन बसणार आहोत.