रूपविकारी तारे बघावेत की आकाशाचा उजेड मोजावा?

नाशिकमधून आकाशाच्या उपयोगी नोंदी ठेवायच्या तर हौशी निरीक्षकासमोर या दोन वाटा आहेत.

रूपविकारी ताऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांसाठी, डोळे पुरतात. ययाती समूहातला अल्गॉल घ्या. एरवी २.१ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद) हा तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी ३.४ पर्यंत मंदावतो, कारण त्याचा मंद जोडीदार त्याच्या आड येतो. ग्रहण जवळपास १० तास चालतं. दिवाळीनंतर, ग्रहण असेल त्या रात्री, शेजारच्या २.९ प्रतीच्या एप्सिलॉन ताऱ्याशी त्याला दर अर्ध्या तासाने ताडून बघा. आधी त्याच्याहून ठळक असलेला अल्गॉल हळूहळू त्याच्याही खाली उतरतो. डोळ्यांदेखत तारा बदलतो, याहून मोठं काय हवं! कॉलेज रोडवरच्या गच्चीतूनही हे जमतं. नोंदी १९११ साली स्थापन झालेल्या, रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणं जमवणाऱ्या एएव्हीएसओ या अमेरिकी संस्थेकडे पाठवता येतात.

उजेड मोजायला स्काय क्वालिटी मीटर विकत घ्यावा लागतो. निसर्गतः काळ्या आकाशाचा आकडा २२ च्या आसपास. तो १ ने घटला की आकाश अडीच पट उजळलं. चंद्र नसावा, मीटर सरळ डोक्यावर धरावा, जवळ पथदिवा नको. एका रात्रीच्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. पंचवटी, गंगापूर धरण, अंजनेरी अशा ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं मोजत राहिलं, तरच शहराचा उजेड कुठवर पोचला ते दिसतं.

पावसाळ्यात दोन्ही बंदच.

एकट्याने सुरुवात करणाऱ्याला मी अल्गॉलच सांगेन. मीटर मात्र चारपाच जणांनी मिळून यंदाच घ्यावा. अंजनेरीचे आजचे आकडे पुढे कुणालाही मागे जाऊन घेता येणार नाहीत.