अ‍ॅप सोडून सीडीवर आलो: ब्रिटिश लाइट म्युझिकचा अनुभव

गाणी ऐकायच्या अ‍ॅपचं वर्षाचं रिन्युअल आलं आणि मी भरलं नाही. आवाजाबद्दल तक्रार नाही, आवाज चांगलाच आहे. माझं भांडण एकाच गोष्टीवर, अरेंजरचं, म्हणजे चाल कुठल्या वाद्यानं कशी वाजवायची ते लिहिणाऱ्याचं, नाव. लाइट म्युझिक, म्हणजे ऑर्केस्ट्राचं हलकंफुलकं संगीत, अरेंजरचं असतं हो, तेच दिसत नसेल तर पैसे कशाचे भरायचे?

ऑर्केस्ट्रा कंडक्टर मांटोवानीचं 'शार्मेन' घ्या, १९५१ची रेकॉर्ड. मूळ चाल १९२०च्या दशकातली, तिच्यात नवं काही नव्हतं. लोक तुटून पडले ते त्या घुमणाऱ्या व्हायोलिनवर, आणि ती करामत त्याच्या अरेंजरची, रोनाल्ड बिंजची. व्हायोलिनवाल्यांचे गट पाडायचे, पहिल्या गटानं चालीतला एक सूर लावला की तो सोडायचा नाही, पुढचा सूर दुसऱ्या गटानं घ्यायचा, त्यापुढचा तिसऱ्यानं, म्हणजे मागचा सूर विरायच्या आत पुढचा त्यावर चढतो आणि मोठ्या चर्चमध्ये वाजतंय असं वाटतं. मशीन नाही, काही नाही, सगळं नोटेशनमध्ये लिहिलेलं! आणि अ‍ॅपवर बिंजचं नावच नाही. कस्टमर केअरला लिहिलं तर 'लेबलकडून (म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून) येईल ती माहिती दाखवतो' म्हणून तक्रार बंद करून टाकली. पैसे मात्र ते घेतात, लेबल नाही.

मग 'द गोल्डन एज ऑफ लाइट म्युझिक' ह्या गिल्ड नावाच्या लेबलच्या मालिकेतल्या जुन्या सीडी जमवायला लागलो. टपालखर्च सीडीपेक्षा जास्त पडतो, ते टोचतं. पण बुकलेटमध्ये संगीतकार, अरेंजर, कंडक्टर सगळे नावानिशी, त्यामुळे मला वसूल. रॉबर्ट फार्नन नीट कळला तो इथेच. कॅनडाचा संगीतकार, दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या बँडबरोबर इंग्लंडला आला आणि तिथेच राहिला. त्याचं 'पोर्ट्रेट ऑफ अ फ्लर्ट' क्वीन्स हॉल लाइट ऑर्केस्ट्राच्या नावावर आहे, आणि तो लंडनचा क्वीन्स हॉल १९४१च्या बॉम्बहल्ल्यातच गेलेला! चॅपेल ह्या संगीत प्रकाशन कंपनीनं रेडिओ आणि न्यूजरीलवाल्यांसाठी (थिएटरात दाखवायच्या बातमीपटांसाठी) रेकॉर्डिंगं करताना ऑर्केस्ट्राला ते नाव वापरलं.

मांटोवानीबद्दलचं मत मात्र मधे बदललं. आधी फार गोड वाटायचा, दोन ट्रॅक झाले की बंद. बिंजची युक्ती कळल्यावर हेडफोन लावून फक्त व्हायोलिनकडे लक्ष दिलं, आता 'शार्मेन' आठवड्यातून एकदा तरी लागतंच. सलग अख्खी एलपी अजूनही झेपत नाही.

बाकी तुकडे तीन-तीन मिनिटांचे, ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्डच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. मला ते आवडतं, फार्नन तेवढ्यात सगळं सांगून मोकळा होतो.

नवीन माणसानं बिंजच्या स्वतःच्या रचनांपासून सुरुवात करावी. आधी 'एलिझाबेथन सेरेनेड', मग 'सेलिंग बाय', जी बीबीसी रेडिओ ४ वर रात्री जहाजांच्या हवामान बुलेटिनआधी वर्षानुवर्षं वाजत आली आहे. त्यानंतर 'शार्मेन' लावा, एकाच माणसाचा हात लगेच ऐकू येतो. सीडी परवडत नसतील तर अ‍ॅपवरच ऐका, फक्त अरेंजरची नावं वहीत लिहून ठेवा.