एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन की फायनल फँटसी १४: एकट्याने खेळायची सवय असलेल्याने कुठे उतरावं?

ज्यांनी एल्डर स्क्रोल्स मालिकेतला स्कायरिम एकट्याने, रात्र-रात्र जागून खेळलाय किंवा फायनल फँटसीचे दोन-तीन भाग शेवटापर्यंत नेलेत, त्यांना कधी ना कधी त्याच मालिकेचा ऑनलाइन भाग खुणावतो आणि नेमका तिथेच पाय अडखळतो. जग ओळखीचं, नावं ओळखीची, पण आता तिथे हजारो इतर माणसंही वावरतायत. एवढ्या गर्दीत आपली गोष्ट आपली राहील का? द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन आणि फायनल फँटसी १४ यांतला एक निवडायचा असेल, तर माझ्या मते आधी याच प्रश्नाला भिडावं. लढाई, पैसे, ग्राफिक्स हे सगळं त्यानंतरचं.

दोन्ही गेम सुरुवातीला धडपडले होते, हे माहीत असलेलं बरं. फायनल फँटसी १४ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि साफ आपटला. मग सूत्रं नाओकी योशिदा यांच्याकडे गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद झाले, तेही गेमच्या कथेतच दालामुद नावाचा चंद्र कोसळवून आणि त्यातून निघालेल्या बाहामुतकडून सगळं जग बेचिराख करून. ऑगस्ट २०१३ मध्ये 'अ रेल्म रीबॉर्न' या नावाने तो नव्याने आला, आणि त्याची कथा त्या संहारानंतर पाच वर्षांनी सुरू होते. फसलेल्या गेमचा शेवट नव्या गेमच्या इतिहासात असा मुरवून घेतलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन एप्रिल २०१४ मध्ये सक्तीच्या मासिक वर्गणीसह आला. मार्च २०१५ मध्ये ती सक्ती गेली आणि ऑक्टोबर २०१६ च्या 'वन टॅमरिएल' अपडेटने लेव्हलच्या भिंती पाडल्या. त्यामुळे २०१४ चं एखादं परीक्षण वाचून या गेमबद्दल मत बनवू नका. तो गेम आता उरलेलाच नाही.

वन टॅमरिएलचा अर्थ असा की पहिल्याच दिवशी तुम्ही जवळपास कुठल्याही दिशेला निघू शकता. शत्रूंची ताकद तुमच्याशी जुळवलेली असते, त्यामुळे 'इथे अजून यायचं नाही' असं कुठला प्रदेश म्हणत नाही. स्कायरिममध्ये मुख्य कथा बाजूला टाकून डोंगरापलीकडे काय आहे ते बघायला जाणाऱ्यांची जी जात आहे, तिच्यासाठी हा गेम आहे. शिवाय नकाशा एका प्रांताचा नाही, टॅमरिएल या अख्ख्या खंडाचा फार मोठा भाग इथे फिरता येतो. कथा घडते दुसऱ्या युगाच्या ५८२ व्या वर्षी, स्कायरिमच्या साधारण एक हजार वर्षं आधी. मोलाग बाल हा डेड्रिक प्रिन्स, म्हणजे एक राक्षसी देव, अख्खं जग स्वतःच्या कोल्डहार्बर या नरकासारख्या राज्यात ओढू पाहतोय आणि तुमचा आत्मा त्याने आधीच काढून घेतलाय.

मालिकेवर प्रेम असणाऱ्याला इथे जे मिळतं ते छोट्या तपशिलांत आहे. ज्यांनी २००२ चा मॉरोविंड खेळलाय त्यांनी व्हार्डेनफेल बेटावर जाऊन पाहावं. सेडा नीन तिथेच आहे, जिथे तुम्ही तेव्हा बोटीतून उतरला होतात. पण विवेक शहर अजून बांधून पूर्ण झालेलं नाही. ज्या प्रचंड इमारतींमध्ये तुम्ही वाट चुकला होतात, त्यांचं बांधकाम चालू आहे. कुठलीही क्वेस्ट, म्हणजे गेमने दिलेली कामगिरी, न घेता नुसतं तिथे फिरण्यात मी बराच वेळ घालवला आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. क्वेस्ट देणारं प्रत्येक पात्र आवाजात बोलतं, फक्त मजकूर वाचून पुढे जावं लागत नाही. मुख्य कथेतल्या प्रॉफेटला मायकल गॅम्बन यांचा आवाज आहे आणि डोक्यावर भांडं घालून फिरणाऱ्या कॅडवेलला जॉन क्लीझ यांचा. रझुम-दार हा खाजीत गुप्तहेर एका बेटावर भेटतो, पुढे समरसेटमध्ये पुन्हा गाठ पडते, आणि तोवर तो खरोखरीचा मित्र वाटायला लागलेला असतो.

आता इतर लोक. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये ते सतत आजूबाजूला असतात, पण त्यांच्यावाचून तुमचं फारसं अडत नाही. याची चांगली बाजू डार्क अँकरपाशी दिसते. आकाशातून अजस्र साखळ्या सुटून जमिनीत रुततात, पंथाचे लोक मंत्र म्हणायला लागतात, आणि कुठून कुठून चार-सहा खेळाडू घोडे दामटत येतात. कोणी कोणाला विचारत नाही, पार्टी करावी लागत नाही, जो लढला त्याला लूट मिळते, आणि दोन मिनिटांत सगळे आपापल्या वाटेने जातात. एकट्याने खेळणाऱ्याला याहून सोयीची सोबत मिळणं कठीण.

वाईट बाजूही इथेच आहे. मशाली लावलेल्या एखाद्या गुहेत तुम्ही दबकत शिरता, भिंतीवरचं वाचता, आणि शेवटच्या दालनात पोचता तर बॉस मरून पडलेला, शेजारी कोणीतरी त्याच्या परत जिवंत होण्याची वाट बघत उभा. स्कायरिमच्या गुहेत जे एकटेपण होतं ते इथे नाही, आणि ते कुठल्याही सेटिंगने परत आणता येत नाही. भर म्हणून उघड्या नकाशावरचे शत्रू फार सोपे आहेत. कथा ज्याला महाभयंकर म्हणून उभं करते तो तीन-चार फटक्यांत लोळतो. माझ्यासाठी हीच या गेमची सगळ्यात मोठी उणीव आहे, कारण कथा चांगली लिहिलेली असते आणि लढाई तिची हवा काढून घेते.

चार जणांच्या डंजनमध्ये, म्हणजे पार्टी करून पार करायच्या बंदिस्त मोहिमेत, तर अजून एक पेच आहे. त्या डंजनची स्वतःची कथा असते, पात्रं थांबून बोलतात, पण अनोळखी पार्टीतल्या बाकीच्या तिघांनी ते अनेकदा ऐकलेलं असतं. तुम्ही संवाद ऐकत उभे आणि ते दोन दालनं पुढे. असे डंजन पहिल्यांदा ओळखीच्या माणसांबरोबरच करावेत.

फायनल फँटसी १४ मध्ये उलटं आहे. तिथे बराच काळ तुम्ही कथेबरोबर एकटे असता आणि ठरलेल्या जागी गेम तुम्हाला माणसांमध्ये आणून सोडतो. मुख्य कथा एकच, क्रमाने, वगळता न येणारी. हेवन्सवर्ड या पहिल्या विस्तारात जायचं तर अ रेल्म रीबॉर्न संपवावाच लागतो, शॅडोब्रिंगर्स या नंतरच्या विस्तारात जायचं तर त्याआधीचं सगळं. वाटेत डंजन येतात ते कथेचाच भाग म्हणून. बरेचसे आता गेममधल्या पात्रांना सोबत घेऊनही करता येतात, पण काही ठिकाणी खरी माणसं लागतातच. क्रिस्टल टॉवरमध्ये तर एकदम २४ जण असतात आणि तो टॉवर मुख्य कथेत अनिवार्य आहे.

हे वाचून बुजू नका, कारण या भेटी चांगल्या व्हाव्यात यासाठी गेमने जी तजवीज केली आहे ती मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. नवख्या खेळाडूच्या नावाशेजारी हिरव्या कोंबाचं चिन्ह असतं. जुन्या खेळाडूंना रोज रूलेटमधून (डंजन गेमच निवडतो) कुठल्याही जुन्या डंजनमध्ये जाण्यासाठी बक्षीस मिळतं, त्यांची लेव्हल तिथे आपोआप खाली आणली जाते, आणि पार्टीत कोणी पहिल्यांदाच आलेला असेल तर सगळ्यांना वरून बोनस. शेवटी प्रत्येकजण आवडलेल्या एका सोबत्याला शाबासकीचा एक गुण देऊ शकतो. म्हणजे तुम्ही नवखे असणं इतरांच्या फायद्याचं ठरतं. हीलर, म्हणजे सोबत्यांना बरं करणारा, म्हणून चाचपडत असाल आणि पुढे राहून मार झेलणारा टँक मेला तरी चॅटमध्ये बहुधा 'हरकत नाही, पुन्हा करू' असंच येतं. सगळे खेळाडू तिथे संत आहेत असं नव्हे. चांगलं वागणं परवडेल अशी व्यवस्था आहे.

पण इथलं दुखणं म्हणजे सुरुवात. अ रेल्म रीबॉर्नमध्ये निरोप पोचवा, पाच किडे मारा, परत या, पुन्हा निरोप पोचवा, असं फार चालतं. ऑगस्ट २०२० मध्ये त्यातल्या बऱ्याच क्वेस्ट कापल्या गेल्या, तरीही तो भाग लांबलेला वाटतोच. पात्रं बहुतेक वेळा आवाजाशिवाय, नुसत्या मजकुरातून बोलतात, आवाज फक्त महत्त्वाच्या कटसीनपुरता. वाचायचा कंटाळा असेल तर हा गेम तुमचा नाही, हे मी स्पष्टच सांगेन. वाचायची तयारी असेल, तर हेवन्सवर्डपासून गोष्ट चढत जाते आणि शॅडोब्रिंगर्स व एंडवॉकर या दोन भागांत सुरुवातीला किरकोळ वाटलेल्या पात्रांचे आणि घटनांचे धागे अशा ताकदीने जुळतात की मासायोशी सोकेन यांचं संगीत सुरू झालं की हात कीबोर्डवरून आपोआप बाजूला होतो. एकट्याने खेळायच्या फायनल फँटसीमध्ये जे मिळत होतं ते इथे पूर्ण मिळतं, फक्त फार उशिरा.

लढाईबद्दल थोडक्यात. एल्डर स्क्रोल्समध्ये माउसच्या डाव्या बटणाने वार, उजव्याने ढाल, वेळेत लोळण, आणि दोन शस्त्रांच्या दोन पट्ट्यांवर प्रत्येकी पाच कौशल्यं अधिक एक अल्टिमेट, म्हणजे राखून वापरायचं मोठं कौशल्य. स्कायरिमचा हात असेल तर लगेच जमतं. फायनल फँटसीमध्ये शत्रू निवडून साधारण अडीच सेकंदांच्या ठेक्यावर एकेक चाल खेळायची असते. पहिल्या लेव्हलना ते मंद वाटतं, पुढे बटणांची संख्या दोन डझनांच्या वर जाते आणि जमिनीवरच्या नारिंगी खुणा टाळत तो ठेका सांभाळणं हीच मजा होते. एकच पात्र सगळे जॉब, म्हणजे लढण्याचे वेगवेगळे पेशे, शिकू शकतं, ही इथली मोठी सोय.

मित्राबरोबर किंवा जोडीदाराबरोबर कथा खेळायची असेल तर मात्र मी एल्डर स्क्रोल्सकडेच बोट दाखवेन. तिथे दोघं एकाच क्वेस्टवर एकत्र चालू शकता, गुहेत एकत्र शिरू शकता. दोघं वेगवेगळ्या टप्प्यावर असाल तर काही गावांत एकमेकांना दिसेनासे होता, तेवढी काळजी घ्यावी लागते. फायनल फँटसीमध्ये कथेतले कित्येक प्रसंग एकट्यानेच लढावे लागतात आणि कटसीन ज्याचे त्याने पाहायचे. सोबत मिळते ती डंजनमध्ये.

पैशांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. एल्डर स्क्रोल्सचा मूळ गेम एकदा विकत घेतला की महिन्याला काही द्यावं लागत नाही, आणि मॉरोविंडचा भाग आता त्यातच येतो. बरेच नंतरचे प्रदेश वेगळे घ्यावे लागतात. 'ईएसओ प्लस' ही वर्गणी ऐच्छिक आहे, पण तिच्यातली क्राफ्ट बॅग, म्हणजे कच्च्या मालासाठीची वेगळी पिशवी, हा खरा गळ आहे. कच्च्या मालाचे इतके प्रकार गोळा होतात की वर्गणी नसलेल्या खेळाडूची बॅग कायम ओसंडत असते. यावर उपाय म्हणजे क्राफ्टिंगच्या मागे न लागणं. क्राउन क्रेट नावाच्या पेट्यांत काय निघेल ते आधी कळत नाही, त्यांना हातच लावू नका. घोड्याचं शिक्षण २० तासांतून एकदाच करता येतं आणि वेग, दम, ओझं या प्रत्येकाच्या ६० पायऱ्या आहेत, म्हणून ते मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा.

फायनल फँटसी १४ ची फुकट चाचणी लेव्हल ७० पर्यंत चालते, तिला दिवसांची मर्यादा नाही, आणि तिच्यात हेवन्सवर्ड व स्टॉर्मब्लड हे दोन्ही विस्तार येतात. म्हणजे एकही पैसा न देता शेकडो तासांची कथा. बंधनं आहेत: ३ लाखांहून जास्त गिल, म्हणजे गेममधलं चलन, साठवता येत नाही, बाजारफलक वापरता येत नाही, फ्री कंपनीत, म्हणजे खेळाडूंच्या संघात, जाता येत नाही, स्वतः पार्टी उभी करता येत नाही. एकट्याने कथा खेळणाऱ्याला यातलं क्वचितच आडवं येतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. त्याच खात्यावर गेम विकत घेतलात की त्या खात्याला पुन्हा चाचणीवर परतता येत नाही आणि मासिक वर्गणी सुरू होते. सवलतीचा सेल दिसला म्हणून घाईने विकत घेऊ नका, स्टॉर्मब्लडची कथा संपेपर्यंत थांबा.

आणि एल्डर स्क्रोल्स निवडलात तर नव्यात नवा प्रदेश समोर दिसतोय म्हणून तिथून सुरुवात करू नका. पात्रांची ओळख उलटसुलट होते आणि कथेचा क्रम हरवतो. ऑरिडॉन, ग्लेनम्ब्रा किंवा स्टोनफॉल्स, यांतला जो तुमचं पात्र ज्या गटात आहे त्या गटाचा असेल तिथे जा, प्रॉफेटच्या क्वेस्ट येतील तशा घ्या, मोलाग बालचा निकाल लावा आणि मग मॉरोविंड.