संताजी घोरपड्यांवरची ऑनलाइन व्याख्यानमाला: 4 तारे

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. कुठल्याही सेनापतीचं कौतुक कानावर आलं की मी आधी विचारतो, यानं माणसं हलवली कशी? या व्याख्यानमालेनं थेट त्यालाच हात घातलाय.

कर्नाटकातल्या दोड्डेरीच्या लढाईचा भाग सर्वांत सरस. नोव्हेंबर 1695. मोगल सरदार कासिमखानाचा पेशखाना, म्हणजे तंबू नि सामान, पुढच्या मुक्कामाला निघालेला. मराठ्यांचे सेनापती संताजींनी फौजेच्या 3 तुकड्या केल्या. एक सामानावर तुटून पडली. ते वाचवायला खान धावला, तशी दुसरी त्याला आडवी आली. तिसरी राखून ठेवलेली होती, तिनं मागं राहिलेली छावणी गाठली. वक्ते इथं थांबून विचारतात, सोबती लूट करताहेत हे दिसत असताना या तिसऱ्या तुकडीतला स्वार जागचा हलला कसा नाही? अगदी बरोबर प्रश्न! हुकूम नसताना घोड्याला टाच न मारणं हे हल्ल्यापेक्षा अवघड, आणि संताजींची जरब इथं दिसते. मोगल गढीत कोंडले, दाणावैरण संपली, कासिमखान आतच मेला. खंडणी कबूल करून उरलेले बाहेर आले, तेव्हा मराठ्यांनीच त्यांना भाकरी-पाणी दिलं. हे ऐकून ऊर भरून आला.

संताजींशी गाठ पडली की मरण, जखम नाहीतर कैद, असं मोगलांकडचा इतिहासकार खाफीखानच लिहून गेलाय. पण वक्त्यांनी दोषांवर पांघरूण घातलेलं नाही. 1696 ला तमिळनाडूतल्या आयेवारकुटीला संताजी खुद्द राजाराम महाराजांच्या फौजेशी लढले. महाराज हाती लागले, आणि दुसऱ्या दिवशी हेच संताजी हात बांधून त्यांच्यापुढं उभे राहिले. त्याच लढाईत पकडलेल्या अमृतराव निंबाळकरांना मात्र त्यांनी हत्तीच्या पायी दिलं. नागोजी माने अमृतरावांचे मेहुणे. 1697 ला त्यांनीच संताजींचा घात केला.

तक्रार आहे ती याच भागाबद्दल. तो फार घाईत उरकलाय. ज्या कडक शिस्तीनं दोड्डेरी मारली, तिच्यामुळेच सरदार दुरावत गेले. ते एकेक करून संताजींचे प्रतिस्पर्धी मराठा सेनानी धनाजी जाधवांकडं कसे वळले, हे सविस्तर यायला हवं होतं. शिवाय नकाशांवरची गावांची नावं मोबाइलवर वाचता येत नाहीत, मुलाच्या लॅपटॉपवर पाहावी लागली. आवाज स्वच्छ, भाषा घरगुती. दहावीच्या पुढच्या मुलांना जरूर ऐकवा.

धनाजींवर अशीच मालिका काढणार असाल, तर पैसे आगाऊ भरतो.