स्तन काढल्यानंतर बसवलेलं इम्प्लांट : वर्ष उलटल्यावरचा अनुभव

कॅन्सरमुळे उजवा स्तन काढला, त्याच ऑपरेशनमध्ये एक्स्पांडर (कातडी ताणणारी तात्पुरती पिशवी) बसवला, आणि काही महिन्यांनी तो काढून तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. ऑपरेशनच्या आधी मी फोटो पाहून पाहून थकले होते. फोटोत दिसतं ते कळतं. ही वस्तू रोज अंगावर वागवताना कशी वाटते, ते मात्र कोणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणून मी तेच सांगणार आहे.

एक्स्पांडरचा काळ सगळ्यात अवघड गेला. छातीच्या स्नायूखाली ठेवलेली ती एक पिशवी असते. दर एक-दोन आठवड्यांनी सुईने तिच्यात सलाईन भरतात, म्हणजे वरची कातडी आणि स्नायू हळूहळू ताणले जातात. सुईला घाबरू नका, तिथली कातडी बधिर असल्यामुळे ती जेमतेम कळते. त्रास नंतर सुरू होतो. सलाईन भरून घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत छाती आवळून यायची, खोल श्वास घेतला की बरगड्यांवर दाब यायचा, रात्री कूस बदलणं नको वाटायचं. एक-दोन दिवसांत ते सैल पडायचं. एक्स्पांडर हाताला टणक लागतो आणि मिठी मारणाऱ्यालाही तो जाणवतो. शिवाय बऱ्याच एक्स्पांडरच्या पोर्टमध्ये, म्हणजे सुई टोचायच्या जागेत, चुंबक असतं, त्यामुळे तो आत असेपर्यंत एमआरआय सहसा करता येत नाही. कुठल्याही तपासणीला गेलात तरी हे आधी सांगा.

ऑपरेशननंतर आत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्यांबद्दल एवढंच, की त्या निघेपर्यंत पुढून उघडणारे सैल कपडे घाला.

इम्प्लांट आलं आणि पहिल्याच आठवड्यात फरक कळला. मऊपणा आला, झोप लागायला लागली. कपड्यांत दोन्ही बाजू सारख्या दिसतात, ब्रामध्ये काही खुपसावं लागत नाही. सकाळी कपाट उघडताना आज काय चालेल, हा विचार आता येत नाही. याची मला फार गरज होती आणि ती पूर्ण झाली.

आता स्पर्शाचं. स्तन काढताना कातडीकडे जाणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात. कडेकडेने थोडी जाणीव परत आली, पण मधला तळहाताएवढा भाग अजूनही बधिर आहे. अंघोळीचं पाणी खांद्यावरून खाली ओघळतं तेव्हा एका ठिकाणी ते नाहीसं होतं आणि बरगडीपाशी पुन्हा लागतं. गरम आहे की गार, ते मधल्या जागेला कळतच नाही. म्हणून तिथे गरम पाण्याची पिशवी किंवा हीटिंग पॅड अजिबात लावायचा नाही. भाजलं तरी समजत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. खाज मात्र येते! ती आत कुठेतरी असते, वरून कितीही खाजवलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. जवळच्या माणसाचा स्पर्शही तिथे फक्त दाब म्हणून कळतो. याची तयारी दोघांनीही करायला हवी. ऑपरेशनच्या आधीच्या बोलण्यात हा विषय अर्ध्या वाक्यात उरकला जातो आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

माझं इम्प्लांट स्नायूखाली आहे. त्यामुळे जड दार ढकललं किंवा तळहात एकमेकांवर दाबले की ते बाजूला सरकतं आणि वरून चपटं होतं. हल्ली काही सर्जन ते स्नायूच्या वर, कातडीखाली बसवतात. त्यात ही हालचाल टळते, पण कातडी पातळ असेल तर सुरकुत्या जास्त दिसू शकतात. पुढे वाकल्यावर वरच्या कडेला थोड्या सुरकुत्या मलाही दिसतात. पोहून आलं की ती बाजू बराच वेळ गार राहते. वजन कमी-जास्त झालं की डावा स्तन बदलतो, उजवा आहे तेवढाच राहतो.

मध्ये एकदा लाली आली, जागा गरम लागली, अंगात कणकण होती. त्याच दिवशी दाखवलं, अँटिबायोटिक्स चालू झाली आणि इम्प्लांट वाचलं. हे सगळ्यांच्याच नशिबी नसतं. जंतुसंसर्ग आटोक्यात आला नाही तर ते काढावं लागतं. २०१८ साली अमेरिका-कॅनडातल्या ११ केंद्रांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पुनर्रचनेचे, म्हणजे काढलेला स्तन पुन्हा घडवण्याचे, सगळे प्रकार धरून सुमारे एक-तृतीयांश बायकांना दोन वर्षांत काही ना काही गुंतागुंत झाली होती. पोटाच्या वगैरे स्वतःच्याच ऊतींनी (कातडी, चरबी) केलेल्या पुनर्रचनेत एकूण गुंतागुंत जास्त होती, पण पुनर्रचनाच फसण्याचं प्रमाण इम्प्लांटमध्ये जास्त होतं. दोन वर्षांनंतर आपल्या स्तनाबद्दल जास्त समाधानी होत्या त्या स्वतःच्या ऊती वापरलेल्या. इम्प्लांट निवडताना हे मला माहीत होतं. पण पोटावरचं मोठं ऑपरेशन आणि लांबलेली विश्रांती मला नको होती.

रेडिएशन घेतलेल्या छातीवर हिशेब बदलतो. इम्प्लांटभोवती शरीर पातळ आवरण तयार करतंच, पण रेडिएशननंतर ते आकसून कडक होण्याची, दुखण्याची आणि आकार बिघडण्याची शक्यता बरीच वाढते. मला रेडिएशन लागलं नाही. तुम्हाला लागणार असेल तर कधी काय करायचं, हे ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) आणि प्लास्टिक सर्जन या दोघांना एकत्र बसवून विचारा. सिगारेट ओढत असाल तर तेही लपवू नका, जखम भरण्यावर त्याचा थेट परिणाम होतो.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. सिलिकॉनचं आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) सल्ला आहे की पाच-सहा वर्षांनी पहिला अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय करावा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरबरीत, हे विचाराच. खरबरीत इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) होतो आणि त्यामुळेच २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीची बायोसेल नावाची खरबरीत इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली गेली. माझं गुळगुळीत आहे. बऱ्याच काळानंतर अचानक एक बाजू सुजली तर थांबायचं नाही, दाखवायचं. मॉडेल आणि नंबर लिहिलेलं कार्ड जपून ठेवा.

पुन्हा निवड करायची झाली तर मी हेच निवडेन. पण ज्या मैत्रिणी पुनर्रचना न करता सपाट राहायचं ठरवतात त्यांना मी एका शब्दाने आग्रह करणार नाही. तोही पूर्ण निर्णय आहे आणि तोही सर्जनने नीटच करून दिला पाहिजे. अजून ठरवत असाल तर सर्जनला फोटो दाखवायला सांगाच, पण सोबत एवढंही विचारा: माझ्यासारख्या किती जणींचं इम्प्लांट तुम्हाला परत काढावं लागलं, आणि मला कुठे कुठे स्पर्श कळणार नाही?